अज्ञान हे निदान नव्हे : ग्रामीण आरोग्य आणि एथ्नोग्राफी

ग्रामीण आरोग्याचा अभ्यास बहुधा मोजणीने सुरू होतो. किती बालके दगावली, किती बाळंतपणे दवाखान्यात झाली, किती रुग्णांनी औषध अर्धवट सोडले, याचे आकडे गोळा होतात. आकडे ठरावीक मर्यादेपेक्षा वाईट आले की कारण शोधले जाते, आणि अहवालात एक शब्द ठरल्यासारखा येतो : अज्ञान. लोक पाणी उकळत नाहीत, कारण अज्ञान. बाई वेळेवर दवाखान्यात येत नाही, कारण अज्ञान. त्यावर उपायही ठरलेला असतो : जनजागृती, भित्तिपत्रके, मेळावे. पुढच्या वर्षी आकडे फारसे हलत नाहीत आणि जनजागृतीचा खर्च वाढवला जातो.

या चक्राबाहेर पडण्याचा एक कसोशीचा मार्ग म्हणजे एथ्नोग्राफी. अभ्यासकाने गावात दीर्घकाळ राहायचे, तिथली बोली शिकायची, लोक जगतात तसा दिवस त्यांच्यासोबत काढायचा आणि जे दिसले, ऐकले ते रोजच्या रोज तपशीलवार लिहून ठेवायचे, ही तिची रीत. मानवशास्त्रात तिला ‘सहभागी निरीक्षण’ म्हणतात. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रोनिस्लाव्ह मॅलिनोव्स्की यांनी ट्रोब्रियांड बेटांवर राहून केलेल्या कामाने या रीतीला शिस्त दिली. वैद्यकाशी तिचे नाते त्याहूनही जुने आहे. 1898च्या टॉरेस सामुद्रधुनी मोहिमेतील डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स हे डॉक्टर होते. एखाद्या समाजाचे उपचार हे त्या समाजाच्या रोगाविषयीच्या समजुतींतून सुसंगतपणे निघतात, असे त्यांनी पुढे मांडले. म्हणजे परका उपचार वरून विचित्र दिसला तरी त्यामागे विचार असतो, आणि तो विचार समजून घेता येतो.

उकळलेले पाणी

सार्वजनिक आरोग्य आणि मानवशास्त्र यांची गाठ घालून देणारे एक महत्त्वाचे पुस्तक 1955 साली प्रसिद्ध झाले. बेंजामिन पॉल यांनी संपादित केलेल्या ‘हेल्थ, कल्चर अँड कम्युनिटी’ या संग्रहात वेगवेगळ्या देशांतील आरोग्य कार्यक्रमांच्या प्रत्यक्ष हकिगती आहेत. त्यांतली एडवर्ड वेलिन यांनी लिहिलेली हकिगत पेरूच्या इका खोऱ्यातील लोस मोलिनोस या गावाची आहे.

गावात सुमारे 200 कुटुंबे होती. पाणी पाटाचे, झऱ्याचे, विहिरीचे, आणि सगळेच दूषित. ते भरून आणायचे काम मुलांकडे. आरोग्य खात्याच्या एका कार्यकर्तीने तिथे दोन वर्षे ‘पाणी उकळून प्या’ ही मोहीम चालवली. ती घरोघरी गेली, डॉक्टरांची भाषणे ठेवली, काही निवडक घरांना तर प्रत्येकी 15 ते 25 वेळा भेटली. दोन वर्षांच्या अखेरीस नव्याने पाणी उकळू लागलेली कुटुंबे होती 11.

वेलिन यांनी या घरांचा दिनक्रम पाहिला तेव्हा नकाराची कारणे उलगडू लागली. या गावात अन्न, पाणी, औषध, आजार यांची विभागणी उष्ण आणि थंड अशी होती. कच्चे पाणी फार थंड, म्हणून आजाऱ्याला वर्ज्य. उकळल्याने त्याचा थंडपणा जातो, म्हणून ते आजाऱ्याचे पेय. धडधाकट माणसाने उकळलेले पाणी पिणे म्हणजे आजारीपणाचे सोंग घेण्यासारखे. शिवाय सरपण आणि वेळ दोन्ही तुटपुंजे होते. ज्यांनी पाणी उकळायला सुरुवात केली त्यांत एक सतत आजारी असणारी बाई होती. ती प्रथेप्रमाणेच वागत होती, जंतूंचा तिच्या उकळण्याशी काही संबंध नव्हता. दुसरी डोंगराळ भागातून येऊन राहिलेली उपरी होती. गावात तिची पत मुळात नव्हतीच, त्यामुळे रीत मोडून तिचे काही बिघडणार नव्हते.

पपई उष्ण, ताक थंड, बाळंतिणीला काय चालते आणि काय नाही, हा हिशेब महाराष्ट्रातल्या घराघरांतही रोज चालतो. तो माहीत नसलेला आरोग्य सल्ला घरातल्या हिशेबात कुठेच बसत नाही. लोस मोलिनोसमध्ये माहितीची कमतरता नव्हती. कार्यकर्ती काय सांगते हे बायकांना समजत होते. ते ज्या जगण्यात बसवायचे होते, त्या जगण्याची माहिती मात्र मोहिमेला नव्हती.

मनुपूरच्या गोळ्या

दुसरे उदाहरण पंजाबातले. 1950च्या दशकात खन्ना या गावाच्या परिसरात हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी कुटुंबनियोजनाचा मोठा प्रयोग केला. काही गावांत घरोघरी संततिप्रतिबंधक गोळ्या दिल्या गेल्या आणि तुलनेसाठी काही गावे तशीच ठेवली. सुरुवातीला गोळ्या स्वीकारणाऱ्यांचे प्रमाण उत्साहवर्धक होते. पण जन्मदरात प्रयोगामुळे म्हणावा असा फरक काही दिसला नाही.

पुढे महमूद ममदानी यांनी याच प्रयोगातील मनुपूर गावात लोकांशी सविस्तर बोलून 1972 साली ‘द मिथ ऑफ पॉप्युलेशन कंट्रोल’ हे पुस्तक लिहिले. गावकऱ्यांनी गोळ्या घेतल्या होत्या, वापरल्या नव्हत्या. एकाने तर गोळ्यांची खोकी रचून घरात शोभेची वस्तू केली होती. दूरदेशाहून आलेली माणसे आपुलकीने विचारतात, त्यांना नाही कसे म्हणायचे, असा गावाचा विचार होता. संशोधकांच्या कागदावर मात्र ‘स्वीकार’ अशी नोंद झाली होती.

गोळ्या का वापरल्या नाहीत, याचे उत्तर शेतीत होते. लहान शेतकऱ्याला पेरणी-कापणीला मजूर लावणे परवडत नव्हते, घरची मुले हीच त्याची मनुष्यबळाची तरतूद होती. गुरे राखणारा, मळणीला मदत करणारा, मोठा झाल्यावर बाहेरगावी नोकरी करून पैसे पाठवणारा आणि म्हातारपणी सांभाळणारा मुलगाच. शेतकऱ्याच्या हिशेबात अधिक मुले म्हणजे अधिक हात. हिशेब चुकीचा नव्हता, तो त्याच्या परिस्थितीचा होता.

या उदाहरणातून पद्धतीचा एक मूलभूत धडा मिळतो. प्रश्नावलीला मिळालेले उत्तर ही एक सामाजिक कृती असते. कोण विचारतो, कोणासमोर विचारतो, नकार दिल्यास काय होईल, याचा विचार करूनच माणूस बोलतो. म्हणून एथ्नोग्राफीत सांगितलेले आणि पाहिलेले यांची नोंद वेगवेगळी ठेवतात आणि त्यांच्यातली तफावत हाच अभ्यासाचा विषय मानतात.

गडचिरोली : जे कोणी विचारलेच नव्हते

काही आजार मोजणीत येत नाहीत, कारण मोजणाऱ्याच्या यादीत ते नसतात. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 साली गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली, तेव्हा ग्रामीण स्त्रीच्या आरोग्याचा सरकारी अर्थ गर्भारपण, बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढाच होता. बायकांच्या आपसातल्या बोलण्यात मात्र वेगळीच दुखणी होती : अंगावरून पांढरे जाणे, पाळीचा त्रास, ओटीपोटातली कळ, मूल न होणे. अंगावरून जाते म्हणजे शरीरातली ताकद झिजते, अशी त्यांची समजूत. हे दुखणे पुरुष डॉक्टरला सांगायचे नाही, नवऱ्याजवळ काढायचे नाही, आणि सांगितले तरी त्यावर उपचार करणारे जवळ कोणी नाही. म्हणून ते अंगावर काढायचे.

बायकांचा विश्वास मिळवून दोन गावांतील 650 स्त्रियांची तपासणी करण्यात आली. हा अभ्यास जानेवारी 1989मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. 92 टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते, आणि पूर्वी कधी स्त्रीरोग तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त 8 टक्के. या आकड्यांनी जगभर चर्चा घडवली आणि प्रजनन आरोग्याची व्याख्या रुंदावण्यास हातभार लावला. बायकांचे बोलणे आधी ऐकले गेले नसते, तर ही तपासणी करावी असे कोणाला सुचलेही नसते. स्त्रियांच्या या बोलण्याचे, त्यांच्या समजुतींचे आणि अनुभवांचे दर्शन राणी बंग यांच्या ‘कानोसा’ या पुस्तकात घडते.

नवजात बालकांबाबतही हेच घडले. गावातले बाळंतपण घरात होई, आणि आजारी बाळाला दूरच्या इस्पितळात नेण्याचा सल्ला कागदावरच राही. त्यामागे कारणे होती. बाळ-बाळंतीण सुरुवातीचे दिवस घराच्या एका अंधाऱ्या खोलीत राहत, बाहेर पडत नसत. रस्ते वाईट, खर्च न पेलणारा. मरण घरातच येई आणि कित्येकदा नोंदीविनाच जाई. आई-बाळाला बाहेर काढण्यासाठी जोर लावण्याऐवजी उपचारच त्या खोलीत नेण्याचा निर्णय झाला. 39 गावांत निवडलेल्या महिला आरोग्यदूतांना बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, ऊब देणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखणे आणि जंतुसंसर्गावर प्रतिजैविक देणे शिकवले गेले. तिसऱ्या वर्षी, तुलनेच्या गावांशी ताडून पाहता, नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटल्याचे 1999च्या ‘लॅन्सेट’मधील लेखात नोंदले आहे. 2011पासून आशा कार्यकर्तींमार्फत घरी जाऊन नवजात बालकाची देखभाल करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला.

इथे एथ्नोग्राफी आणि मोजणी एकमेकींच्या हातात हात घालून चालल्या. घरात काय घडते हे ऐकून-पाहून कळले, उपाय त्यावरून ठरला, आणि तो लागू पडला की नाही हे काटेकोर मोजणीने सिद्ध झाले. ग्रामीण आरोग्य संशोधनाचा हा सर्वांत सकस नमुना होय.

स्मरण हाही पुरावा

पापुआ न्यू गिनीच्या पूर्व डोंगराळ भागातील फोरे लोकांत 1950च्या दशकात ‘कुरू’ नावाच्या जीवघेण्या आजाराने कहर केला होता. अंग थरथरायचे, तोल जायचा, आणि साधारण वर्षभरात मृत्यू. बळी मुख्यतः प्रौढ स्त्रिया आणि मुले. आजार घराण्यांत दिसत असल्याने तो आनुवंशिक असावा, असा तज्ज्ञांचा तर्क होता.

शर्ली लिंडेनबाम आणि रॉबर्ट ग्लास हे मानवशास्त्रज्ञ 1961 ते 1963 या काळात तिथे राहिले. त्यांनी वंशावळी मांडल्या आणि वडीलधाऱ्यांना विचारले की हा आजार गावात पहिल्यांदा कोणाला झाला. लोकांना पहिल्या रुग्णांची नावे आठवत होती, आणि तो काळ फारसा जुना नव्हता. पिढ्यान्‌पिढ्यांचा आनुवंशिक रोग इतका अलीकडचा कसा असेल? मृत आप्ताच्या शरीराचे दुःखविधीत भक्षण करण्याची प्रथाही फोरे लोकांनी अलीकडेच उचलली होती, आणि त्यात भाग घेत स्त्रिया व मुले. प्रौढ पुरुष सहसा दूर राहत. आजाराचा नकाशा आणि प्रथेचा नकाशा असे जुळले. 1966 साली कुरू चिंपांझींना संक्रमित होतो हे प्रयोगाने सिद्ध झाले. या संशोधनासाठी कार्लटन गायड्युसेक यांना 1976चे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रथा थांबल्यानंतर जन्मलेल्या मुलांत हा आजार दिसला नाही. निरक्षर मानल्या गेलेल्या समाजाची स्मरणशक्ती इथे प्रयोगशाळेला वाट दाखवणारी ठरली.

‘संस्कृती’ हेही सोपे उत्तर

एथ्नोग्राफीलाही एक खड्डा टाळावा लागतो. ‘अज्ञान’ हा शब्द खोडून त्याच्या जागी ‘त्यांची संस्कृती’ असे लिहिले की काम झाले असे वाटू लागते. लोक औषध घेत नाहीत कारण ते जादूटोणा मानतात, हे विधान समंजस वाटते, पण ते दोष पुन्हा लोकांच्याच डोक्यावर ठेवते.

डॉक्टर आणि मानवशास्त्रज्ञ असलेले पॉल फार्मर यांनी हैतीच्या मध्य पठारावर हे तपासून पाहिले. धरणाने सुपीक जमिनी बुडाल्यामुळे उजाड टेकड्यांवर सरकलेल्या शेतकऱ्यांत क्षयरोग बळावला होता. अनेक रुग्ण क्षयाचे मूळ करणीत मानत. मोफत औषध सर्वांनाच मिळे. काही रुग्णांना त्याखेरीज घरभेटी, पोषणासाठी पैसे आणि प्रवासखर्च देण्यात आला. हे साहाय्य मिळालेल्या गटात उपचार यशस्वी झाले, केवळ औषध मिळालेल्या गटात बरे होण्याचे प्रमाण निम्म्याच्या आसपास राहिले. करणीवरचा विश्वास मात्र दोन्ही गटांत होता. करणी मानणारा माणूस गोळ्याही नेमाने घेत होता, त्याच्या पोटात अन्न असेल आणि दवाखान्यापर्यंत जायला पैसे असतील तर.

महाराष्ट्रात हीच नजर बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या प्रश्नावर रोखली की काय दिसते? राज्य सरकारने 2019 साली नेमलेल्या समितीसमोर आलेल्या सर्वेक्षणात जिल्ह्यातील 82,309 ऊसतोड स्त्रियांपैकी 13,861 जणींची गर्भाशये काढलेली आढळली. आकडा हादरवणारा आहे, पण तो का, हे आकडा सांगत नाही. ते फडातल्या दिवसाकडे पाहिल्यावरच कळते.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. हंगामाआधी मुकादमाकडून ‘उचल’ घेतलेली असते, ती फिटेपर्यंत सुटका नाही. कामावर न गेल्यास ‘खाडा’ लागतो, म्हणजे दंड. दुखते म्हणून बाई एक दिवस कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, पडून राहिली तर पूर्ण कोयत्याची मजुरी बुडते आणि वर दंड भरावा लागतो. मोळी डोक्यावर घेऊन गाडी भरायची, तीही कारखान्याची गाडी येईल त्या वेळी, मग मध्यरात्र का असेना. कोपीजवळ संडास नाही, न्हाणी नाही, पाळीत धड पाणी नाही. संसर्ग होतो, अंगावरून जाते, कंबर धरते. लहान वयात लग्न आणि बाळंतपणे उरकलेली असतात. गावी परतल्यावर खासगी दवाखान्यात ‘पिशवी खराब आहे, कॅन्सर होईल’ असे सांगितले जाते, आणि एकदाची पिशवी काढली म्हणजे पाळीची कटकट आणि खाडे दोन्ही संपतील, असा विचार होतो. शस्त्रक्रियेसाठी पुन्हा उचल घेतली जाते.

या साखळीत अज्ञान शोधायला गेले तर थोडे सापडेलही. पण तिची मुख्य कडी मजुरीच्या पद्धतीत आहे. कोपीशेजारी पाणी व संडास, पाळीच्या दिवसांत बिनदंड रजा, फडाच्या गावी सरकारी दवाखान्याची सोय, आणि विनाकारण शस्त्रक्रिया करणाऱ्यांवर वचक, हे उपाय आरोग्य शिक्षणाच्या पत्रकातून निघत नाहीत. ते दिवसाच्या तपशिलातून निघतात.

पद्धतीची शिस्त

एथ्नोग्राफी म्हणजे गावात जाऊन गप्पा मारणे नव्हे. काही पथ्ये काटेकोर पाळावी लागतात. पहिले, मुक्कामाची जागा. अभ्यासक सरपंचाच्या किंवा पाटलाच्या घरी उतरला की दलित वस्तीतली, पाड्यावरची माणसे त्याच्याशी जपून बोलतात. प्रत्येक गावात अनेक गावे असतात. आणि ती सगळी पाहायची तर पाय प्रत्येक वस्तीत सारखेच वळले पाहिजेत. दुसरे, प्रसंग. सासूसमोर सुनेने दिलेले उत्तर आणि पाणवठ्यावर, निंदणीच्या ओळीत मैत्रिणींसोबत दिलेले उत्तर वेगळे असते. तिसरे, काळ. पावसाळ्यात साप-विंचू आणि ताप, उन्हाळ्यात पाणीटंचाई, दिवाळीनंतर स्थलांतर : आरोग्याला ऋतू असतात, म्हणून अभ्यासाने किमान एक कृषिवर्ष पाहिले पाहिजे. कार्यक्रमांच्या निकडीपोटी 1980च्या दशकात काही आठवड्यांत उरकण्याजोग्या जलद पद्धती तयार झाल्या. त्या उपयोगी आहेत, पण दुसऱ्या कोणाच्या दीर्घ अभ्यासाचा पाया असेल तेव्हाच.

चौथे पथ्य वैद्यांविषयी. गावात उपचार करणारे अनेक असतात : सुईण, वैदू, भगत, हाड बसवणारा, मोटारसायकलवर येऊन सलाईन लावणारा डॉक्टर. रुग्ण कोणाकडून कोणाकडे जातो, निर्णय कोण घेतो, पैसे कुठून येतात, या प्रवासाची नोंद अभ्यासाचा कणा असते. एखादी रीत घातक असली तर तसे स्पष्ट लिहायचेच. मेळघाटात तान्ह्या बाळाच्या पोटावर तापल्या विळ्याने चटके देण्याच्या ‘डंबा’ या प्रथेचे समर्थन होऊ शकत नाही. पण बाळाचे पोट फुगलेले, रात्र झालेली, दवाखाना दूर आणि भूमका, म्हणजे गावातला पारंपरिक वैद्य, शेजारच्या घरात, ही स्थिती समजून घेतल्याशिवाय प्रथा केवळ गुन्हे नोंदवून थांबत नाही. ती लपते, आणि बाळ दवाखान्यात आणखी उशिरा पोहोचते.

नीतीचा प्रश्न छोट्या गावात अधिक नाजूक होतो. अहवालात नाव बदलले तरी ‘दोन मुलींनंतर गर्भपात केलेली, शाळेशेजारची बाई’ कोण हे गाव लगेच ओळखते. म्हणून ओळख पटेल असा तपशील वगळणे हा लेखनाचा भाग आहे. संमती एकदा अंगठा घेऊन संपत नाही, ती दर टप्प्यावर मागावी लागते. आणि अभ्यासाचे निष्कर्ष सर्वप्रथम गावाला, गावाच्या बोलीत, सांगितले पाहिजेत. लोक ते दुरुस्त करतात, आणि ती दुरुस्ती संशोधनाचीच प्रत सुधारते.

एका गावाच्या अभ्यासावरून टक्केवारी सांगता येत नाही, ही या पद्धतीची मर्यादा खरी आहे. एका गावातून दुसऱ्या गावात टक्केवारी नेता येत नसली तरी कार्यकारणाची साखळी नेता येते, आणि ती तिथे लागू पडते का हे मोजणीने तपासता येते. म्हणून आरोग्य कार्यक्रमाची आखणी करताना क्रम असा असावा : आधी काही गावांत दीर्घ मुक्काम, मग प्रश्नावली, मग उपाय, मग मोजणी, आणि आकडे अपेक्षेप्रमाणे न आल्यास पुन्हा मुक्काम. या कामासाठी माणसे नव्याने शोधण्याची गरजही फारशी नाही. रोज घरोघरी जाणाऱ्या आशा कार्यकर्तीला बाई दवाखान्यात का आली नाही याचे कारण बहुधा माहीत असते. तिच्या रजिस्टरात मात्र त्यासाठी रकाना नसतो. तो रकाना ठेवणे, त्यात तिने लिहिलेले तालुका आणि जिल्हा पातळीवर नेमाने वाचणे, आणि ‘अज्ञान’ हे कारण त्यात स्वीकारायचे नाही असा नियम करणे, एवढे कोणत्याही आरोग्य खात्याला आज जमण्यासारखे आहे.